पागोळीचा हिशेब

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली, की कोरेगाव मागे पडल्यावर वर्धनगडचा घाट लागतो. जुलैच्या मध्यात घाटाच्या अलीकडे बांधाबांधाशी पाणी साचलेलं असतं. घाट उतरून पुसेगावच्या माळाला लागलं, की गाडीमागे धूळ उठायला लागते. ढग तेच असतात, पण खाली उतरत नाहीत. खटाव-माणची माणसं आभाळाकडे बघून म्हणतात, पाऊस वरनंच गेला. तिकडे पश्चिमेला महाबळेश्वरात त्याच दिवसांत माणूस खिडकी उघडत नाही.

वर्षाच्या सरासरीचे आकडे सांगायचे तर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, सातारा शहराला हजाराच्या आसपास, सांगली-मिरजेला सहाशेच्या आसपास आणि माण, आटपाडी, जत या पट्ट्यात चारशे ते पाचशे. दीडशे किलोमीटरच्या आत पाऊस दहा पटींनी उतरतो. म्हणून घरच्या घरी पावसाचं पाणी साठवण्याबद्दल सातारा-सांगलीसाठी एकच सल्ला देणारा कोणताही माहितीपत्रकवाला चुकणार, हे मी आधीच सांगून ठेवतो. महाबळेश्वरच्या घराला जे लागतं ते आटपाडीच्या घराला लागत नाही, आणि आटपाडीला जे तारतं ते मिरजेत निरुपयोगी ठरू शकतं.

आपल्याकडे पाण्याचं बोलणं टीएमसीत चालतं. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा कोयनेत आज किती टीएमसी झालं ते सांगतो. कोयना १०५, वारणा ३४, मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ. ही भाषा आपल्या अंगवळणी पडण्याला कारण आहे. या योजनांसाठी इथल्या माणसांनी आयुष्यं घातली, नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा भरवल्या, आटपाडी-खानापूरच्या लोकांनी समन्यायी वाटपासाठी मोर्चे काढले. तो लढा खरा होता आणि शिवारात पाणी आलं ते त्यामुळेच. पण एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, आणि स्वयंपाकघरातल्या माठात मावतात पंधरा लिटर. या दोन मापांच्या मधे घराचं छप्पर येतं. त्याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडायला अवघड नाही: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पत्रा किंवा स्लॅब ओला होण्यात, उडण्यात, गळण्यात वीस टक्के जातं असं धरायचं.

आता पाचशे चौरस फुटांचं एक साधं पत्र्याचं घर घ्या, म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस चौरस मीटर. आटपाडीत साडेचारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर या पत्र्यावरून वर्षाला पावणेसतरा हजार लिटर पाणी खाली येतं. हेच घर उचलून महाबळेश्वरात ठेवलं तर दोन लाखांच्या वर. आणि दुष्काळात, पाऊस निम्म्यावर आला तर, आटपाडीत साडेआठ हजारांच्या आत-बाहेर.

साडेआठ हजार लिटर ऐकल्यावर बहुतेकजण मान हलवतात, एवढ्यानं काय होतंय? धुणं-भांडी, जनावरं, आंघोळी धरल्या तर खरंच काही होत नाही, महिन्याभरात संपेल. पण पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं काढा. माणशी आठ लिटर धरलं तर पाच माणसांना दिवसाला चाळीस लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून मृग निघेपर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. सगळे मिळून ९,६०० लिटर. बऱ्या वर्षात पाचशे फुटांचा पत्रा हे पाणी देऊन वर उरतो, आणि वाईट वर्षातही सात महिने रेटतो.

माझं म्हणणं या एका आकड्यावर उभं आहे. माणदेशात छपराचं पाणी हे वापराचं पाणी नाही, ते पिण्याचं पाणी आहे. आपण ते उलटं करतो. बोअरचं मचूळ पाणी पितो आणि पागोळीचं गोडं पाणी अंगणात चिखल करायला सोडतो.

ब्राझीलच्या ईशान्य भागात आपल्या माणदेशासारखाच कोरडा मुलूख आहे. तिथे २००३ साली दहा लाख घरांना टाक्या देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी घरामागे टाकी ठरवली १६,००० लिटरची, आणि ती फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. आटपाडीच्या पत्र्याचा हिशेब करताना पावणेसतरा हजारांचा आकडा आला तेव्हा मला या टाकीची आठवण झाली. राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात घराशेजारी जमिनीत बांधतात त्या टांक्याचं तत्त्वही हेच: पाणी थोडं, बंदिस्त, आणि तोंडाशी कुलूप.

आपल्याकडेही हे शहाणपण नवं नाही. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात दोन हजार वर्षांच्या आसपासची बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंच्या खोल्यांबरोबर तिथे कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्याला पोढी म्हटलेलं सापडतं. पावसाचं पाणी डोंगरउतारावरून टाक्यात घ्यायचं, सावलीत ठेवायचं आणि वर्षभर जपून वापरायचं. गडांवर तेच. सज्जनगडावर घोडाळे आणि सोनाळे अशी दोन तळी आहेत. घोडाळ्याचं काम नावातच आहे, पिण्याचं पाणी सोनाळ्याचं. जनावरांचं पाणी आणि माणसाच्या तोंडचं पाणी यांची फारकत त्या लोकांनी तेव्हाच केली होती. जुन्या साताऱ्याला यवतेश्वर-महादऱ्याच्या डोंगरातलं पाणी उताराने पेठांतल्या हौदांपर्यंत येई, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कास तलावाचं पाणी आजही डोंगर उतरून शहरात येतं. लिंबची बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली, ती बघायला लोक लांबून येतात. या मोठ्या कामांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. घराच्या वळचणीखाली ठेवलेल्या घंगाळाबद्दल कुणी लिहीत नाही.

वळचणीचं घंगाळ मी लहानपणी पाहिलेलं आहे. माझी मावशी माण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. जुनं घर माळवदाचं होतं, पांढऱ्या मातीचं. माळवदाला भिंतीबाहेर काढलेल्या पन्हाळातून पाणी धो-धो पडे, पण ते गढूळ. ते म्हशीला. पुढच्या सोप्याला तेवढे पत्रे होते. त्याच्या पागोळीखाली घंगाळ, हंडा, बादली, पातेलं, जे हाताला लागेल ते ओळीनं मांडलं जाई, आणि पहिली सर ओसरेपर्यंत घरातली आजी कुणाला भांडं पुढे करू देत नसे. “पत्र्याचं तोंड धुऊ दे की आधी,” म्हणायची. आता त्याच गोष्टीला फर्स्ट फ्लश म्हणतात आणि बाजारात त्याचं यंत्र मिळतं.

ते यंत्र घ्यायची गरज नाही. मावसभावानं पाच वर्षांपूर्वी नवं घर बांधलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून जोडणी केली. पत्र्याच्या कडेला अर्ध्या कापलेल्या पाइपची पन्हळ, चार इंची उभा पाइप खाली जमिनीपर्यंत, आणि त्याच्या तळाला फिरकीचं झाकण. टाकीकडे जाणारा आडवा फाटा मात्र वर, जमिनीपासून तीन मीटरवर. पहिलं पाणी उभ्या पाइपात साठतं, तो भरला की पुढचं पाणी आपोआप फाट्यातून टाकीत वळतं. चार इंची पाइपात मीटरला साडेआठ लिटर मावतात, म्हणजे तीन मीटरला पंचवीस. पाचशे फुटांच्या पत्र्यावरचा पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस एवढाच असतो. पाऊस थांबला की झाकण फिरवायचं, काळपट पाणी, पाल्याचा चुरा, चिमण्यांची शीट असं सगळं भसकन बाहेर येतं. पहिल्यांदा ते पाणी बघितल्यावर मावशी म्हणाली, “एवढं घाण पाणी आपण आजवर हंड्यात धरत होतो व्हय?”

इथे पूर्वेच्या भागासाठी एक पोटनियम सांगायला हवा. शहरी पुस्तकांत पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या असं लिहितात. सातारच्या पश्चिमेला ते परवडतं. माणदेशात वर्षाकाठी धड पडणारे पाऊस बोटांवर मोजण्याइतके. मृग-आर्द्रा कोरडे जातात, खरा पाऊस येतो तो उत्तरा-हस्तात, परतीच्या वाटेवर. तिथे दोन पाऊस सोडून दिले तर टाकीच्या तळालाच पाणी राहील. त्यापेक्षा मे महिन्याच्या शेवटी आणि भाद्रपदात असं दोनदा छप्पर झाडून घ्यायचं, आणि दर सरीचं पहिलं पंचवीस लिटरच सोडायचं.

टाकीचं सांगायचं तर खर्च सगळा तिथेच असतो. पन्हळ आणि पाइप काही शे-हजारांत होतात, दहा हजार लिटरची टाकी मात्र घराच्या अंदाजपत्रकात जागा मागते. गावच्या गवंड्याला जाळी आणि सिमेंट वापरून पातळ भिंतीची फेरोसिमेंटची टाकी बांधता येते, प्लास्टिकच्या टाकीपेक्षा ती उन्हात थंड राहते आणि टिकते. नवीन सिमेंटची टाकी पहिल्यांदा भरून आठवडाभर ठेवायची आणि ओतून द्यायची, नाही तर चुनखडीची चव महिनाभर जात नाही. आम्ही टाकी ओट्याखाली घेतली. वर बसायला ओटा, खाली पाणी. जागा वेगळी गेली नाही.

पहिल्याच वर्षी मात्र आमचं चुकलं, आणि ते सांगितलंच पाहिजे. टाकीचं झाकण लोखंडी होतं, एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली होती. ऑक्टोबरात आशाताई घरोघर कोरडा दिवस सांगत आल्या. त्यांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि मावसभावाला हाक मारली. पाण्यावर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. चार हजार लिटर पाणी होतं. ते सगळं दिवसभर बादल्यांनी काढून डाळिंबाच्या झाडांना घातलं. मावशी काही बोलली नाही, पण संध्याकाळपर्यंत ती रिकाम्या टाकीच्या कडेला बसून होती. दुसऱ्या दिवशी झाकणाला रबराची पट्टी आली, वायुनळीला आणि वाहून जाण्याच्या नळीला बारीक जाळी आली. डेंग्यूच्या काळात उघडं साठवलेलं पाणी हे घराला आणि शेजाऱ्यालाही धोका आहे. आरोग्य खातं कोरडा दिवस पाळायला सांगतं आणि पाणी खातं साठवायला सांगतं, यात विरोध नाही. जे झाकता येत नाही ते आठवड्याला रिकामं करायचं, आणि जे साठवायचं ते मुंगी शिरणार नाही असं झाकायचं. गुप्पी मासे सोडायचा उपाय वापराच्या हौदाला ठीक, पिण्याच्या टाकीला झाकणच हवं.

पावसाचं पाणी बाधतं, सर्दी होते, हा समज गावोगाव आहे. उघड्या हंड्यातल्या पाण्याबद्दल तो खरा असेलही. टाकीतल्या पाण्यासाठी मार्ग साधा आहे: ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना तपासून घ्यायचा, तो सांगेल तेवढं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं, किंवा प्यायचं तेवढं उकळायचं. क्षार नसल्यानं चवीला ते पाणी आधी पांचट लागतं, मग सवय होते. मावशीचा निकाल मात्र चवीवर लागला नाही, चुलीवर लागला. “बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्या झाल्या तरी दात दाखवायची. ह्या पाण्यात दोन शिट्ट्यांत लोणी.” वाडीतल्या आणखी तीन घरांनी नंतर टाक्या बांधल्या, त्या माझ्या आकडेमोडीनं नव्हे, या डाळीनं.

छप्पर कुठे आहे यावरही पाणी ठरतं. वाळवा, कराड, पलूस, तासगाव या पट्ट्यात साखर कारखान्याचा हंगाम चालू असतो तेव्हा गच्चीवर काळी राख उतरते, दोरीवरचे कपडे झटकून घ्यावे लागतात. ती राख हंगामभर साचून राहते आणि उन्हाळ्यातल्या वळवाबरोबर खाली येते. तिथे वळवाचं पाणी टाकीत घेऊच नये, फाटा सरळ बंद ठेवावा. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्वच्या द्राक्षपट्ट्यात अडचण वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या एकामागून एक सुरू होतात, घर बागेला लागून असेल तर त्याचे तुषार पत्र्यावर बसणारच. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत. बागेतल्या घरानं सप्टेंबरपर्यंतचं पाणी पिण्यासाठी धरावं आणि छाटणीनंतरचं पाणी दुसऱ्या टाकीत वळवावं. त्या दुसऱ्या टाकीचाही उपयोग आहे: क्षाराच्या जड पाण्यात औषध नीट उतरत नाही, पावसाचं पाणी फवारणीला चांगलं. पिण्याचं आणि फवारणीचं पाणी चुकूनही एका टाकीत ठेवू नये, हे द्राक्षवाल्यांना मी सांगायला नको.

आता पुनर्भरणाकडे येतो. पाणी साठवण्यापेक्षा जमिनीत जिरवा, असं सरकारी भिंतींवर लिहिलेलं असतं आणि सल्ला म्हणून तो स्वस्तही वाटतो. बोअरच्या भोवती दोन मीटरचा खड्डा, केसिंगला भोकं पाडून वर काथ्या गुंडाळायचा, खड्ड्यात मोठे दगड, मग लहान, मग वाळू, की झालं. पण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. हा बेसाल्ट नदीकाठच्या वाळूसारखा पाणी धरत नाही. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा, एवढ्यातच पाणी मावतं. जिथे मुरूम जाड, भेगा जोडलेल्या, तिथे विहिरीचं पुनर्भरण फार चांगलं काम करतं, फेब्रुवारीत आटणारी विहीर एप्रिलपर्यंत जाते. जिथे खाली सलग कातळ, तिथे पाणी खड्ड्यातच उभं राहतं. शिवाय तुमच्या घरचं पाणी जमिनीत गेलं की ते तुमचं राहत नाही, शेजारच्या पाचशे फुटी बोअरनं ते कधी उपसलं हे कळतही नाही. गावानं मिळून करायची ती गोष्ट आहे. एकट्या घरानं पिण्याचं पाणी कातळाच्या भरवशावर सोडू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे गावागावाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत, खड्डा खणण्याआधी त्या विचारून घेतलेल्या बऱ्या.

आणि काही ठिकाणी जिरवणं चूकच. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरजेच्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिथे भूजल आधीच मुळांशी आलेलं, शेतकरी खर्च करून जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकतायत. अशा गावात शोषखड्डे काढून आणखी पाणी खाली पाठवण्यात काय अर्थ? तिथे छपराचं पाणी टाकीत घ्या, वापरा, उरलं तर ओढ्याला जाऊ द्या. सांगली शहरात गुंठेवारीच्या काळ्या मातीतही तेच. ती माती फुगली की थेंब खाली जात नाही, खड्डा डबकं होतो.

सांगलीच्या पुराची गोष्ट या विषयात सहसा येत नाही, ती यायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आणि प्यायला थेंब नाही, कारण पाणीपुरवठ्याच्या यंत्रणाच पाण्याखाली. बाहेरून बाटल्यांचे खोके होडीतून आले. २००५, २०१९, २०२१ असा पुराचा फेरा बघितला तर गावभागात, हरिपुरात, भिलवडी-अंकलखोपात घर असणाऱ्यानं पावसाच्या पाण्याची टाकी जमिनीखाली बांधू नये. पुराचं पाणी झाकणातून आत आलं की ती टाकी गटार होते. त्याऐवजी गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीचा छोटा स्लॅब धरावा आणि त्याच्या खाली, पण पूररेषेच्या खूप वर, पाचशे लिटरची टाकी ठेवावी. पुराच्या दिवसांत वरून पाऊस चालूच असतो. पाच माणसांना प्यायला पाचशे लिटर दहा-बारा दिवस जातं. तेवढ्यात पूर ओसरतो.

शहरातल्या रोजच्या वापराचा हिशेब मात्र वेगळा लागतो. मिरजेत हजार फुटांच्या गच्चीवरून वर्षाला चव्वेचाळीस हजार लिटर मिळतील, शहरी घराला ते दोन महिने पुरेल. तेवढी टाकी कुणी बांधणार नाही, आणि बांधूही नये. शहरात दोन हजार लिटरची टाकी ठेवून पावसाळाभर ती रोज रिकामी करायची: संडास, फरशी, धुणं, गाडी. पुढची सर ती पुन्हा भरते. पावसाळ्यात नळाचं पाणी वाचलं तर महापालिकेचा उपसा कमी होतो, हाच फायदा. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत पाऊसपाण्याची सोय ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना सक्तीची आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. सातारा-सांगलीत माणूस घर बांधतो ते गुंठा, दीड गुंठा, फार तर तीन गुंठ्यांवर. म्हणजे शहरातली बहुसंख्य छपरं कायद्याच्या बाहेरच राहिली. मोठ्या संकुलांतही दाखल्यापुरता खड्डा होतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यात राडारोडा भरलेला दिसतो. शाळा आणि ग्रामपंचायतींच्या इमारतींवर योजनेतून बसवलेले पाइप तर कितीतरी ठिकाणी मधेच तुटून लोंबतायत, कारण बसवण्याचं बिल निघतं, झाडण्याचं निघत नाही.

गावांनी हात घातला तर काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये २०१६ साली पहिलं आलं ते कोरेगाव तालुक्यातलं वेळू. २०१७ मध्ये खटावचं भोसरे दुसऱ्या क्रमांकात, २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी पहिलं. उन्हातान्हात गावच्या गाव डोंगरावर सलग समतल चर खणत होतं. मुंबई-पुण्याहून पोरं श्रमदानाला आली. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण भर शिवारावर होता, आणि शिवारातलं पाणी वाढलं की त्यामागे डाळिंब, कांदा, ऊस धावतात. दुष्काळ पुन्हा आला की टँकर पुन्हा गावच्या विहिरीत रिता होतो आणि बाया पोहरे घेऊन कठड्याशी उभ्या राहतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेच्या स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, साऱ्या देशानं ती पाहिली. त्याच महिन्यात जतच्या वाड्यांवर टँकरची वाट बघणं चालू होतं. माथ्यावर अडवलेलं पाणी पिकाचं होतं. माठातलं पाणी घरानंच अडवावं लागतं.

पश्चिमेकडे, जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या डोंगरातल्या वाड्यांना हे पटवणं मला अवघड जातं, कारण चार महिने त्यांच्या अंगावर पाणी कोसळत असतं. जांभ्याच्या थराखालून झरे फुटतात, पाणवठा बारमाही वाटतो. पण मार्च लागला की झऱ्याची धार करंगळीएवढी होते, एप्रिलात घागर भरायला तासभर लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत गावची यात्रा असते, मुंबईला माथाडीत, गिरण्यांत गेलेली माणसं पोराबाळांसकट गावी येतात. पाणी सर्वांत कमी आणि माणसं सर्वांत जास्त, असा तो मे महिना. तिथे आठ महिन्यांची टाकी लागत नाही. मार्च ते मृग, शंभर दिवस, पाहुण्यांसकट पाच हजार लिटर पुष्कळ झाले. फक्त ती टाकी दिवाळीच्या आधी गच्च भरून, तोंड बंद करून ठेवायची आणि होळीपर्यंत तोटीला हात लावायचा नाही. भरल्या पावसात टाकी भरायला दोन दिवस पुरतात, म्हणून घाई करायचं कारण नाही. छप्पर धुऊन निघाल्यावर, श्रावणात, निवांत भरावी.

मावशीच्या वाडीहून पुढे आटपाडी, खानापूर, विट्याकडे निघालं की एक चित्र वारंवार दिसतं. गलाईच्या धंद्यानिमित्त सोन्याचांदीचं काम करायला इथली माणसं देशभर पांगली. कुणी मदुराईला, कुणी कानपूरला. त्यांनी पैसा मिळवून गावात बंगले बांधले, दोन-दोन हजार फुटांचे स्लॅब, पॅरापेटला नक्षी. दहा महिने ते बंगले बंद असतात. शेजारी अंगणवाडी असते, तिची खिचडी टँकरच्या पाण्यावर शिजते. दोन हजार फुटांच्या एका स्लॅबवरून साडेचारशे मिलिमीटरच्या वर्षात सदुसष्ट हजार लिटर पाणी पडतं आणि रस्त्यावरून ओढ्याला जातं. त्या बंगल्याच्या मागच्या पाइपला फाटा काढून अंगणवाडीच्या अंगणात वीस हजार लिटरची एक टाकी बांधायला ग्रामपंचायतीला मोठी योजना लागणार नाही. मालकाचा एक फोन लागेल. भाद्रपदात गच्ची झाडायला माणूस लागेल. किल्ली तशीही शेजारच्या घरात असतेच, देवापुढे दिवा लावायला.